बेतू

डिचोलीच्या नोंदणी कार्यालयात
नाव बदलायला येतो त्याला मी एवढंच विचारतो :
कारण?
रकान्यात दोन ओळींचीच जागा असते.

काल एक मुलगा आला,
वेर्ण्याला औषधाच्या कारखान्यात कामाला.
"शाळेपासून हसतात," म्हणाला.
अर्ज उलटा धरून मी सुलटा केला
आणि पेन अडलं.
जुनं नाव : बेतू.

माझ्या टेबलावर पाटी आहे, बी. शा. गावस.
त्या 'बी'च्या मागे कोण उभं आहे
ते तीस वर्षांत कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

हे नाव कुणी हौसेनं ठेवत नसे.
ज्या घरात दोन पाळणे रिकामे झाले
ते घर तिसऱ्याला उचलून न्यायचं वेशीवर,
बेताळाच्या पायांवर घालायचं :
हो आमचो न्हय, तुजो.
भुतांचा राजाच ज्याचा धनी
त्याच्या वाटेला कोण जाणार?
देव तसा उघडाच. काळा, उंच, दात विचकलेला.
रात्री गावची सीमा फिरतो
म्हणून त्याला नवस वहाणांचा.
सकाळी टाचा झिजलेल्या दिसतात.
आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.
वहाणा शिवणाऱ्या लाडकोला विचारलं
की तो मात्र आरी चालवत राही.

माझ्या पाठीमागच्या कपाटात पाकल्यांच्या काळची पुस्तकं आहेत.
वाळवीनं जन्म खाल्ले, मृत्यू तसेच ठेवले.
उरलेल्या पानांवर आमचं नाव सापडतं, पण 'बेतो' असं.
कारकुनानं तेच ऐकलं असणार.
त्याच्या मुलखात आल्बेर्तुला, रोबेर्तुला
लाडानं बेतो म्हणतात.
घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटून
त्यानं सुबक वळणदार अक्षर काढलं,
आणि आमचा वेशीवरचा नागडा देव
कागदावर कोट घालून बसला.

बारा सालच्या पुस्तकात अकरा बेतू मोजले मी.
तीसच्या सुमाराला चार.
पुढे पोर्तुगीज गेले, दवाखाना आला, देवीची लस आली,
पाळणे भरलेले राहू लागले
आणि नाव ओस पडलं.
मुक्तीनंतर एकच नोंद, सदुसष्टची. ती माझी.
ह्या मुलाची कशी निसटली?

म्हापशाच्या शुक्रवारी एक मासळीवाली
मला ओळखल्यासारखं करायची :
"बेतो, तूं पेद्रूचो पूत मरे?"
मी मान हलवायचो.
वाट्यात दोन बांगडे जास्त पडायचे.

"नवीन नाव?"
"विहान."
गेल्या वर्षी ह्या तालुक्यात विहान एकोणीस झाले,
हे मी सांगितलं नाही.
म्हटलं, कारणात लिही, उच्चारास अवघड.
दोन अक्षरांचं नाव.
त्यानं लिहिलंही.
मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाला,
"आजीनं ठेवलं होतं.
माझ्याआधी आईची दोन..."
आणि रकान्याकडे पाहिलं.
रकाना भरला होता.

मी शिक्का मारला. शाई सुकेपर्यंत फुंकर घातली,
एरवी घालत नाही.
"सायब, तुमचं नाव?
परत आलो तर कुणाला विचारू?"
"गावस," म्हटलं.
"गावस विचार. कुणीही दाखवील."

संध्याकाळी वाळवंटीच्या पुलावरून चालत घरी आलो.
खाणीचे ट्रक बंद होते, तरी धूळ लाल.
पडवीत चपला काढल्या.
उजवी टाच बाहेरच्या अंगानं
पार कागदासारखी झालेली.
बायकोला म्हटलं, नव्या घ्यायला हव्यात.
ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"टेबलाशी बसून काम तुमचं.
एवढं फिरता कधी?"